ओळखीच्या नावाने

४ मे २०००, गुरुवार. हाँगकाँगच्या ऑफिसांत दुपारचे काम चालू होते आणि युरोपात लोक सकाळी येऊन नुकते कम्प्युटर सुरू करत होते. त्या दिवशी जगभरच्या इनबॉक्समध्ये एकाच विषयाचे मेल येऊन पडू लागले. विषय: 'आय लव्ह यू'. आत जेमतेम एक ओळ, सोबत जोडलेले प्रेमपत्र कृपया पाहावे एवढ्याच अर्थाची, आणि खाली एक अटॅचमेंट. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे. कधी शेजारच्या टेबलावरचा सहकारी, कधी साहेब, कधी वर्षानुवर्षे फक्त बिलांपुरता संबंध आलेला पुरवठादार. ज्याच्याकडून प्रेमपत्र येण्याची सुतराम शक्यता नाही, त्याच्याकडून ते आले. मग उघडून पाहिल्याशिवाय कोणाला राहवणार?

अटॅचमेंटचे नाव होते 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. घात होता तो शेवटच्या तीन अक्षरांत. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर. तो वाचल्याने कोणाचे काही बिघडत नाही. व्हीबीएस म्हणजे व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट, अर्थात कम्प्युटरने एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी. फाइलच्या नावातला शेवटच्या टिंबानंतरचा हा भाग, ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात, तो फाइलचा खरा प्रकार सांगतो. आणि नेमका तोच भाग विंडोज आपणहून दडवून ठेवत असे, आजही ठेवते. नावे सुटसुटीत दिसावीत, एवढाच त्यामागचा हेतू. परिणाम असा की बहुतेकांना नाव दिसले ते टीएक्सटीपर्यंतच. शेजारचे चिन्हही कागदाच्या गुंडाळीचे होते. वाचायला म्हणून लोकांनी डबल क्लिक केले आणि हुकमांची यादी चालू झाली.

ती काय करत होती? आधी स्वतःच्या प्रती विंडोजच्या फोल्डरांत ठेवत होती. मग आउटलुकमधली पत्त्यांची वही उघडून त्यातल्या प्रत्येकाला, मालकाच्या नावाने, तोच मेल पाठवत होती. डिस्कवरचे फोटो आणि इतर अनेक प्रकारच्या फाइली पुसून त्यांच्या जागी स्वतःला लिहून ठेवत होती. गाण्यांच्या एमपी३ फाइली मात्र ती नुसती लपवून ठेवी, याचे कारण तिच्या कर्त्यालाच ठाऊक. शिवाय पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम फिलिपिन्समधल्या एका सर्व्हरवरून उतरवून घ्यायचा तिचा प्रयत्न असे.

दिवस जसजसा पश्चिमेकडे उजाडत गेला, तसतसा हा मेल पुढे गेला. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद केली. पेंटॅगॉन आणि सीआयए यांनाही झळ लागली. बाधित कम्प्युटरांचा आकडा काही कोटींत असावा, असा अंदाज तेव्हा वर्तवला गेला.

तपास मनिलापर्यंत पोचला. ओनेल दे गुझमान हा तिथल्या एएमए कम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी. दुसऱ्यांचे इंटरनेट पासवर्ड मिळवून देणारा प्रोग्रॅम हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता आणि कॉलेजने तो फेटाळला होता. त्याला शिक्षा झाली नाही. असल्या कृत्याला गुन्हा ठरवणारा कायदाच त्या वेळी फिलिपिन्समध्ये नव्हता. तो जून २००० मध्ये झाला आणि मागच्या तारखेने लागू करता येईना. पुढे जवळपास वीस वर्षांनी जेफ व्हाइट या ब्रिटिश पत्रकाराला हा माणूस मनिलात मोबाइल दुरुस्तीच्या एका गाळ्यावर भेटला आणि त्याने सगळे कबूल केले. इंटरनेटला पैसे पडत, त्याच्याकडे ते नव्हते, म्हणून इतरांचे पासवर्ड हवे होते, एवढेच त्याचे म्हणणे.

या घटनेत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. 'अनोळखी माणसाचा मेल उघडू नका' हा सल्ला तेव्हाही दिला जात होता, आजही शाळेतल्या भित्तिपत्रकांपासून बँकेच्या एसएमएसपर्यंत सगळीकडे दिला जातो. त्या गुरुवारी ज्यांचे कम्प्युटर बिघडले, त्यातल्या बहुतेकांनी हा सल्ला तंतोतंत पाळला होता. त्यांचा मेल ओळखीच्याच माणसाकडून आला होता. सल्लाच अपुरा होता आणि आहे.

नुसते पाहू नका, चालवा

मेलमधून पसरणाऱ्या या प्रकाराची पहिली मोठी गडबड आणखी जुनी, म्हणजे डिसेंबर १९८७ ची. जर्मनीतल्या क्लाउस्टाल तंत्र विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने नाताळची गंमत म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. चालवला की पडद्यावर अक्षरांनी रेखलेले ख्रिसमसचे झाड उमटे. झाड पाहून तुम्ही खूश होत असता, तेवढ्यात तो तुमच्या खात्यातल्या पत्त्यांवर स्वतःला पाठवून मोकळा होई. विद्यापीठांच्या जाळ्यावरून तो आयबीएम कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात शिरला आणि ते जाळे ठप्प झाले. त्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच वाचणाऱ्यासाठी सूचना होती, तिचा आशय असा: ही फाइल नुसती वाचण्यात काही मजा नाही, 'ख्रिसमस' असे टाइप करून चालवा.

पुढच्या साऱ्या इतिहासाचे मर्म त्या सूचनेत आहे. मेल हा मजकूर असतो आणि मजकूर आपणहून काही करू शकत नाही. काहीतरी चालू व्हावे लागते आणि ते चालू करण्यासाठी बहुधा माणसाचे बोट लागते. फसव्या मेलमधला सगळा मजकूर, सगळे नाटक, ते बोट उचलले जावे यासाठी असते.

२६ मार्च १९९९ ला आलेल्या मेलिसा व्हायरसने यासाठी कामाचा कागद निवडला. विषयात 'महत्त्वाचा निरोप' आणि पुढे पाठवणाऱ्याचे खरे नाव. आत: तुम्ही मागितलेले डॉक्युमेंट सोबत आहे, दुसऱ्या कोणाला दाखवू नका. सोबतची फाइल मायक्रोसॉफ्ट वर्डची होती आणि तिच्यात मॅक्रो दडलेला होता. तेच ते काम पुन्हा पुन्हा करावे लागू नये म्हणून वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलीतच लिहून ठेवायच्या छोट्या प्रोग्रॅमला मॅक्रो म्हणतात. जमाखर्चाच्या कामात तो फार उपयोगी. मेलिसाच्या मॅक्रोला आउटलुकमधले पहिले पन्नास पत्ते पुरत. न्यू जर्सीतल्या डेव्हिड स्मिथला या उद्योगाबद्दल २००२ मध्ये वीस महिन्यांची कैद झाली. २००१ च्या फेब्रुवारीत टेनिसपटू अ‍ॅना कुर्निकोव्हाचा फोटो म्हणून जे पसरले, त्यात नवे काहीच नव्हते. प्रेमपत्राचीच युक्ती, नाव तेवढे बदललेले, आणि तीही तयार साच्यातून काढलेली. नऊच महिन्यांपूर्वी एवढा गाजावाजा झालेला असूनही लोकांनी ते उघडले.

विनाव्हायरसचे व्हायरसही होऊन गेले. १९९४ मध्ये 'गुड टाइम्स' या विषयाचा मेल वाचला तरी हार्ड डिस्क नष्ट होते, अशी सूचना जगभर फिरली. असा मेल अस्तित्वातच नव्हता. सूचना मात्र लाखो लोकांनी काळजीपोटी पुढे ढकलली. २००२ च्या सुमाराला याहून चतुर मेल आला. तुमच्या कम्प्युटरमध्ये अमुक नावाची फाइल आहे का शोधा, तिचे चिन्ह टेडी बेअरचे असेल, ती घातक आहे, ताबडतोब पुसा आणि सर्वांना कळवा. फाइल सापडायचीच, कारण ती विंडोजबरोबरच आलेली निरुपद्रवी फाइल होती. टेडीचे चिन्हही खरेच होते. लोकांनी ती पुसली आणि मित्रांनाही पुसायला लावली. एकही ओळ प्रोग्रॅम न लिहिता लाखो लोकांच्या हातून त्यांच्याच कम्प्युटरची मोडतोड करून घेता येते, याचा याहून चांगला पुरावा नसेल. आपल्याकडे व्हॉट्सॅपवर 'हा व्हिडिओ उघडू नका, फोन फॉरमॅट होईल' असे जे फिरते, ते याच कुळातले. पुढे पाठवणाऱ्याला वाटते आपण चार लोकांना सावध केले.

पाठवणाऱ्याचे नाव कोण लिहितो?

ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोचवण्याचे नियम १९८२ मध्ये लिहिले गेले आणि थोड्याफार बदलांसह तेच आजही चालतात. त्या वेळी जाळ्यावर होती विद्यापीठे आणि संशोधन संस्था. खोटे नाव घालून कोणी पत्र पाठवील, हा विचार त्यांनी केला नाही. टपालाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो आणि पोस्टमन ते तपासत नाही. ई-मेलचे अगदी तसेच होते. गेल्या वीसेक वर्षांत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नावांच्या तपासण्या आल्या. अमुक संस्थेच्या पत्त्यावरून आलेला मेल खरोखर तिच्या सर्व्हरवरून निघाला का, हे त्या पाहतात. जीमेल रोज असंख्य मेल स्पॅममध्ये टाकते, त्यामागे या तपासण्यांचा मोठा वाटा आहे.

पण त्यांना मर्यादा आहेत. मोबाइलवर मेल पाहताना ठळक दिसते ते नाव. पत्ता पाहायला त्या नावावर बोट ठेवावे लागते. नाव काहीही ठेवता येते. पत्ता दिसला तरी तो वाचावा कसा, हे फारच थोड्यांना सांगितलेले असते. तो उजवीकडून वाचायचा. तुमच्या बँकेचे नाव सुरुवातीला दिसले म्हणून हुरळून जायचे नाही. 'तुमचीबँक डॉट इन डॉट खाते-तपासणी डॉट कॉम' या पत्त्याचा मालक आहे 'खाते-तपासणी डॉट कॉम' विकत घेणारा इसम. डावीकडचे सगळे त्याने हवे तसे लिहिलेले आहे. सरकारी पत्ते 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातल्या बँकांना 'बँक डॉट इन'ने संपणारे पत्ते घ्यायला लावले, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बँकेखेरीज कोणालाही हा शेवट मिळत नाही. बँकांनी आपल्या ग्राहकांना हे नीट समजावून सांगितले असते, तर बरेच काम झाले असते. माझ्या मते ते अजून झालेले नाही.

आता मेल खरोखर ओळखीच्या खात्यावरूनच निघाला असेल तर? तिथे कोणतीच तपासणी कामाची नाही. इमोटेट नावाच्या व्हायरसने हेच साधले. २०१४ मध्ये बँकांचे पासवर्ड चोरणारा म्हणून तो आला. पुढे त्याच्या कर्त्यांनी बाधित कम्प्युटरवरचे जुने मेल उचलायला सुरुवात केली. समजा, तीन महिन्यांपूर्वी तुमचा आणि तुमच्या सीएचा जीएसटीच्या विवरणपत्रावरून पत्रव्यवहार झाला. एके दिवशी त्याच पत्रव्यवहाराला उत्तर येते. खाली तुमचाच जुना मजकूर, वर एक ओळ: सोबतची फाइल पाहून कळवा. संशय घ्यावा असे काही उरतच नाही. जानेवारी २०२१ मध्ये आठ देशांच्या पोलिसांनी मिळून इमोटेटचे सर्व्हर ताब्यात घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो पुन्हा सुरू झाला.

त्याच्या फाइलीही पाहण्यासारख्या असत. उघडली की धूसर चित्र दिसे आणि त्यावर सूचना: हे डॉक्युमेंट जुन्या आवृत्तीत केलेले आहे, पाहण्यासाठी वरच्या पिवळ्या पट्टीवरचे 'एनेबल कंटेंट' दाबा. ती पिवळी पट्टी म्हणजे मायक्रोसॉफ्टने दिलेला इशारा. व्हायरसवाल्यांनी इशाऱ्यालाच पायरी केले. अखेर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. मेलिसापासून मोजली तर तेवीस वर्षांनी. मग हल्लेखोर वननोटच्या फाइलींकडे, शॉर्टकट फाइलींकडे आणि पासवर्ड लावलेल्या झिप फाइलींकडे वळले.

झिपचा हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. फाइलीला पासवर्ड लावलेला आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, तर मग कुलूप लावले कशाला? चोरापासून नव्हे, तपासणीपासून. जीमेलला किंवा ऑफिसच्या सर्व्हरला पासवर्ड लावलेली झिप सहसा आतून पाहता येत नाही. आपल्या बँकाही पासवर्ड लावलेली स्टेटमेंट पाठवतात. पण ती पीडीएफ असतात आणि पासवर्ड तुमची जन्मतारीख, पॅन अशा तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींतून बनतो. सोबत पासवर्ड लिहून आलेली झिप दिसली की पाठवणाऱ्याला फोन करायचा, मग तो सख्खा भाऊ का असेना.

नोकरीचा अर्ज

घरच्या कम्प्युटरचे फोटो गेले तर वाईट वाटते. एका मेलने देशाची तिजोरी कशी उघडते, ते बांगलादेशात दिसले. जानेवारी २०१५ मध्ये बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, काही कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी उत्सुक असलेल्या एका उमेदवाराचे मेल आले. नाव रासेल आहलाम. भाषा अदबीची, बायोडेटासाठी एक लिंक दिलेली. असा कोणी उमेदवार नव्हता. एफबीआयच्या तपासानुसार बँकेतल्या निदान तीन कम्प्युटरांवरून ती फाइल उतरवून घ्यायचा प्रयत्न झाला. अर्ज आला तर पाहायचा, यात त्या कर्मचाऱ्यांची चूक ती काय?

पुढचे वर्षभर काहीच घडले नाही, निदान वरून पाहणाऱ्याला तसे वाटले असते. आत शिरलेले लोक एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर सरकत, आंतरराष्ट्रीय पैसे पाठवण्याच्या स्विफ्ट यंत्रणेपर्यंत पोचत होते. ४ फेब्रुवारी २०१६ ला, गुरुवारी रात्री, त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत असलेल्या बांगलादेशच्या खात्यातून पैसे पाठवण्याचे ३५ हुकूम सोडले. रक्कम जवळपास ९५ कोटी १० लाख डॉलर. वार नीट विचार करून निवडला होता. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. स्विफ्टच्या व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा प्रिंटर शुक्रवारी सकाळी बंद पडलेला आढळला. प्रिंटर बिघडलाय, असे समजून लोकांनी तो विषय सोडला. कोणत्या ऑफिसात प्रिंटर बिघडत नाही!

बहुतेक हुकूम अडले ते योगायोगाने. पैसे जायचे होते मनिलातल्या एका बँकेच्या ज्युपिटर रस्त्यावरच्या शाखेत आणि ज्युपिटर हे नाव निर्बंध घातलेल्या एका जहाजाच्या नावाशी जुळले, म्हणून न्यूयॉर्कला शंका आली. श्रीलंकेतल्या एका संस्थेकडे निघालेले दोन कोटी डॉलर 'फाउंडेशन' या शब्दाच्या चुकलेल्या स्पेलिंगमुळे परत फिरले. तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले आणि त्यातले बरेचसे तिथल्या कॅसिनोंतून नाहीसे झाले. २०१८ मध्ये अमेरिकेने या चोरीचा ठपका उत्तर कोरियासाठी काम करणाऱ्या गटावर ठेवला.

सगळेच हल्ले मेलमधून येतात असे मात्र समजू नये. २७ जून २०१७ ला न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम कोलमडले आणि कंटेनरच्या ट्रकांच्या रांगा लागल्या. ते नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे. त्याचा उगम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत आणि तिथून तिच्या मुंबईजवळच्या टर्मिनलपर्यंत आला. बंदरातल्या कोणीही काही उघडले नव्हते. पण अशा गोष्टी तुमच्या-माझ्या हातात नाहीत. मेल हातात आहे.

काय करावे

ऑफिसांत अँटिव्हायरस घातला की काम झाले, अशी समजूत दिसते. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभे केले. तेव्हा व्हायरस फ्लॉपीवरून फिरत आणि सावकाश फिरत. आज सकाळी तयार केलेली फाइल दुपारी इनबॉक्समध्ये असते. तिची ओळख पटायला अँटिव्हायरसला काही तास लागू शकतात. तो हवाच, विंडोजबरोबर फुकट येणारा डिफेंडरही घरगुती वापराला चांगला आहे. त्याच्यावर भिस्त ठेवून वाटेल ते उघडावे, एवढा तो चांगला नाही.

माझा सल्ला असा की पाठवणारा कोण, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ढकला. पहिला प्रश्न: हा मेल मला काय करायला सांगतो आहे? वाचायला सांगत असेल तर वाचा. फाइल उघडायला, लिंक दाबायला, पासवर्ड टाकायला, काहीतरी 'एनेबल' करायला सांगत असेल, तर थांबा आणि दुसऱ्या मार्गाने विचारा. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन. मेलमध्ये दिलेल्या नंबरावर नव्हे. प्राप्तिकराचा परतावा आला म्हणून मेल असेल तर त्यातली लिंक न दाबता ब्राउझरमध्ये खात्याचा पत्ता स्वतः टाइप करून पाहा. परतावा खरा असेल तर तिथे दिसेलच.

घाईचा मजकूर हा दुसरा इशारा. महावितरणच्या नावाने 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल' असे निरोप मध्यंतरी गावोगाव पोचले आणि ते रात्रीचे साडेनऊ मुद्दाम निवडलेले होते. तोवर ऑफिस बंद झालेले असते, विचारायचे कोणाला? भीती, हाव किंवा साहेबांचा धाक यांतले काहीतरी वापरून तुम्हाला विचार करायला वेळ मिळू द्यायचा नाही, हीच पद्धत.

मोबाइलवर हेच दुखणे एपीके फाइलींच्या रूपाने आले आहे. लग्नपत्रिका, वाहतूक चलान, पीएम किसानचा हप्ता, अशा नावांनी व्हॉट्सॅपवर फाइल येते. पुष्कळदा ती नातेवाइकाच्याच नंबरावरून येते, कारण त्याचा फोन आधीच हातातून गेलेला असतो. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचे अ‍ॅप. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. ती अ‍ॅप असू शकत नाही. बसवले की ते एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि तुमच्या बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये 'अनोळखी अ‍ॅप बसवू देणे' ही परवानगी बंद करून ठेवा. दोन मिनिटांचे काम आहे.

कम्प्युटरवर एक सेटिंग आजच बदला. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण करा. यापुढे प्रत्येक फाइलचे नाव पूर्ण दिसेल. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असे काही दिसले तर उघडायचे नाही, एवढे कळायला इंजिनिअर असावे लागत नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवण्याची सवय असेल तर बँकेचा तेवढा वगळा. हल्लीचे बरेच व्हायरस सगळ्यांत आधी तिथेच हात घालतात. आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, पण ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. खंडणी मागणारा व्हायरस कम्प्युटरला जोडलेली डिस्कही सोडत नाही.

आणि उघडलेच गेले तर? वायफाय बंद करा, केबल काढा. त्या कम्प्युटरवर पुन्हा एकही पासवर्ड टाकू नका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, आणि सुरुवात ई-मेलच्या पासवर्डपासून. मेल पुसू नका, तो पुरावा आहे. व्हायरस काढण्याची फुकट साधने केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात.

ऑफिसातल्या वरिष्ठांना एक विनंती. फसवा मेल उघडणारा बहुधा आपले नेमून दिलेले कामच करत असतो. बिले पाहणारा कारकून बिल उघडणार, भरती पाहणारा बायोडेटा उघडणार. त्याला चारचौघांत बोलणी बसली, तर पुढच्या वेळी जो उघडेल तो गप्प बसेल, आणि आत शिरलेल्याला नेमके तेच हवे असते. 'साहेब, माझ्याकडून एक फाइल उघडली गेली' हे वाक्य तुमच्या ऑफिसात न घाबरता बोलता आले पाहिजे, आणि त्याच तासात बोलता आले पाहिजे.

खात्यातून पैसे गेले असतील, तर आधी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि लगेच आपल्या बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर नोंदवली जाईल, तितके पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.